वळण लावण्याची कृती
केळझरहून निघून मायक्रोडिस्प्लेत पीएच.डी. करू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

पीएच.डी. कशी करावी हे सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत, पण ती सगळी असं धरून चालतात की वाचणाऱ्याच्या घरी इन्व्हर्टर आहे. ही मार्गदर्शिका तसं धरत नाही. ती केळझरच्या, किंवा हात दाखवला की एसटी थांबते अशा कुठल्याही गावच्या, होतकरू पोरापोरींसाठी आहे. त्यांना द्रवस्फटिकांच्या मायक्रोडिस्प्लेवर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या पडद्यावर, आयुष्याची तीन ते सहा वर्षं खर्चायची आहेत. पायऱ्या क्रमाने करा. मधली पायरी गाळली तर पदार्थ बिघडतो. न गाळताही बिघडतो, पण मग त्याला निष्कर्ष म्हणता येतं.

लागणारं साहित्य

एम.एस्सी. भौतिकशास्त्र: १, बरी मुरलेली.

गाईड: १, मिळेल तो. निवडून घेण्याची पद्धत नाही.

काचेच्या पट्ट्या: २. एका अंगाला इंडियम टिन ऑक्साइडचा थर दिलेल्या. हा थर आरपार दिसतो आणि वीजही वाहून नेतो. अशी दोन्ही कामं एकटा करणारा माणूस खात्यात सापडला तर त्याला सोडू नका.

द्रवस्फटिक: एक थेंब. जास्त घेऊ नका, परवडत नाही.

मखमलीचं फडकं: १.

ध्रुवक, म्हणजे पोलरायझर: २. जुन्या कॅलक्युलेटरचे चालतील.

संयम: एक पायली. चवीपुरता पुरत नाही.

पाण्याचा माठ: १. कशाला, ते शेवटी कळेल.

पायरी पहिली: विषय सांगायला शिका

संशोधन नंतर. आधी त्याबद्दल बोलता आलं पाहिजे, कारण पानठेल्यावर विचारणा पहिल्याच आठवड्यात होते.

"का करून राहिला गा सध्या?"

"पीएच.डी."

"म्हणजे डॉक्टर होशीन? मंग माह्या गुडघ्याचं पाह्य ना जरा."

इथे घाबरायचं नाही. गुडघा पाहा, तेल लावायला सांगा आणि मग एका वाक्यात विषय सांगा: "मोबाइलचा पडदा असतो ना काकाजी, तसला पडदा लहान करतो."

यावर येणारा प्रश्न ठरलेला आहे: "लहान कायले? आमाले तर मोठा पाह्यजे."

हा प्रश्न तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण आहे. त्याचं उत्तर घरातच सापडतं. दाराच्या फटीपासून लांब उभं राहिलात तर फट दिसते. फटीला डोळा लावला की अख्खं अंगण दिसतं. मायक्रोडिस्प्ले ही तसली फट आहे. पडदा असतो एक इंचाच्या आतला, पुढे एक भिंग, आणि भिंगाला डोळा. व्हिडिओ कॅमेऱ्याच्या ज्या नळीला डोळा लावून लग्नाचं शूटिंग होई, त्या नळीत असलाच पडदा. २०१३ साली गुगल ग्लास नावाचा चष्मा आला, त्याच्या कोपऱ्यातही असलाच पडदा होता, ६४० बाय ३६० ठिपक्यांचा. खिशात किंवा नाकावर बाळगायचं यंत्र हलकं हवं, बॅटरी लहान हवी आणि चित्र मात्र मोठं दिसायला हवं, म्हणून हा सगळा खटाटोप.

हे सगळं सांगून झाल्यावर काकाजी म्हणतील, "म्हणजे फटीतून पाह्याची पीएच.डी." हो म्हणा. व्याख्या चुकलेली नाही.

पायरी दुसरी: बकासुराला गाडी पोचवा

केळझरच्या टेकडीवर सिद्धिविनायक आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांत त्याची गणना होते, आणि महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं गाव सांगतं. म्हणजे बकासुर आपल्याच शिवारातला. त्याला दर खेपेला एकेका घराने बंडीभर भात, दोन रेडे आणि ते हाकणारा माणूस पाठवायचा, असा करार होता. बकासुर भात खाई, रेडे खाई आणि शेवटी माणूसही खाई.

पीएच.डी.चा प्रवेश याच कराराने होतो. बंडीत भरायच्या वस्तू: प्रवेश परीक्षेचा निकाल, टी.सी., मायग्रेशन, मधे एक वर्ष शेती केली असल्यास त्या वर्षाचं गॅप सर्टिफिकेट, स्टॅम्पपेपरवरचं हमीपत्र, सिनॉप्सिस पाच प्रतींत. खिडकीपलीकडून प्रती खाल्ल्या जातात. आठ दिवसांनी पुन्हा बंडी भरून न्यावी लागते, कारण गेल्या खेपेच्या फोटोची पार्श्वभूमी निळी होती.

इथे नवशिके एक चूक करतात. ते उपाशीपोटी बंडी हाकतात. भीमाने काय केलं ते आठवा. बकासुरासमोर बसून त्याने बंडीतला भात आधी स्वतः खाऊन घेतला, मग झुंज दिली. तात्पर्य: कागद जमा करायला जाताना डबा न्या. रांगेत उभ्याउभ्या जेवून घ्या. पोट भरलेल्या माणसाला "साहेब जेवायला गेले" हे वाक्य कमी लागतं.

काही आकडे पाठ असू द्या, घरी विचारतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, पुढे वाढीव मुदत मागता येते. केंद्राची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये. हा आकडा पानठेल्यावर सांगू नका. उधारी मागतात. नाही मिळाली तर तेही सांगू नका. उधारी देत नाहीत.

पायरी तिसरी: द्रवस्फटिकाची ओळख करून घ्या

मिठाचा खडा हा स्फटिक. त्यातले कण शाळेच्या कवायतीसारखे जागच्या जागी उभे. पाणी हा द्रव. त्यातले कण बाजारच्या दिवशीच्या गर्दीसारखे, ज्याचं तोंड जिकडे तिकडे. द्रवस्फटिक या दोहोंच्या मधला, दिंडीसारखा. माणसं चालत असतात, पुढचा मागे पडतो, मागचा पुढे जातो, कुणाची जागा ठरलेली नाही, पण तोंडं सगळ्यांची पंढरपुराकडे. द्रवस्फटिकाचे काडीसारखे लांबोडके रेणू असेच वाहतात आणि तरी एका दिशेला असतात. पीएच.डी.चा विद्यार्थीही असाच दोहोंच्या मधला असतो, ना विद्यार्थी ना मास्तर, म्हणून त्याला हा पदार्थ लवकर समजतो.

याचा शोध भौतिकशास्त्रज्ञाला लागला नाही. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिख राइनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलचं गौडबंगाल उलगडत होता. त्यापासून बनवलेला एक पदार्थ त्याने तापवला. १४५.५ अंशांना तो वितळला, पण गढूळ राहिला. आणखी तापवल्यावर १७८.५ अंशांना एकदम स्वच्छ झाला. एका पदार्थाला वितळायच्या दोन खेपा कशा, म्हणून त्याने ऑटो लेहमान या भौतिकवाल्याला पत्र घातलं. लेहमानने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून या अवस्थेला द्रवस्फटिक म्हटलं. इथला धडा असा: शोध गाजरवाल्याचा, नाव भौतिकवाल्याचं.

आणि कमाई तिसऱ्याचीच, तीही ऐंशी वर्षांनी. १९६८ साली अमेरिकेत आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायरच्या चमूने द्रवस्फटिकाचा पडदा जगाला दाखवला. १९७३ मध्ये शार्पने तसल्या पडद्याचा खिशातला कॅलक्युलेटर बाजारात आणला. १८८८ ते १९६८ हा हिशेब लिहून ठेवा. "तुह्या संशोधनाचा उपयोग कवा होईन?" असं घरी विचारलं की दाखवायला बरा पडतो.

आता मुख्य अडचण. सुरुवातीचे पदार्थ एकतर फार तापवावे लागत, नाहीतर टिकत नसत. इंग्लंडात हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सायनोबायफेनिल जातीचे रेणू बनवले. त्यातला ५सीबी नावाचा पदार्थ प्रयोगशाळेत सगळ्यात आधी हातात येतो. तो साधारण २३ ते ३५ अंशांच्या मधे द्रवस्फटिक असतो. त्याखाली गोठतो, त्यावर नुसता द्रव होतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की हा खोलीच्या तापमानाला चालतो. ती खोली हलमधली आहे. केळझरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा ५सीबी दिंडी सोडून बाजारात शिरलेला असतो, आणि जानेवारीच्या पहाटे तो मिठाच्या खड्यासारखा ताठ होऊ पाहतो. एकंदर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तो माणसात असतो.

मोबाइलमध्ये एकटा ५सीबी नसतो, अनेक पदार्थांची मिश्रणं असतात. ती गोठणबिंदूच्या खालपासून ऐंशी अंशांच्या वरपर्यंत टिकतात. तरी भर उन्हात उभ्या मोटरसायकलचं डिजिटल मीटर काळं पडताना पाहिलं असेल. मीटर बिघडत नाही. आतली दिंडी मोडलेली असते. गाडी सावलीत घ्या, आकडे परत येतात.

पायरी चौथी: वळण लावा

ही या कृतीतली मुख्य पायरी आहे आणि गावात सगळ्यात जास्त बदनामी हिच्यामुळे होते.

रेणूंची तोंडं एका दिशेला असतात हे खरं, पण ती दिशा कोणती, हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी काचेवर पॉलिइमाइडचा पातळ थर देतात, भट्टीत पक्का करतात आणि मग मखमलीच्या फडक्याने तो घासतात. एकाच दिशेने. मागेपुढे नाही, गोल नाही. घासलेल्या दिशेला काचेजवळचे रेणू आडवे पडतात, त्यांच्या शेजारचे त्यांना पाहून तसेच पडतात, आणि थेट वरपर्यंत ओळ लागते.

हे आईला सांगितलं की ती म्हणते, "सहा वर्षं कायले लागते, काच पुसाले?"

तिला तिफण आठवून द्या. तिफणीने एकदा तास पाडले की बी त्याच ओळीत उगवतं, मधे कुठे उगवत नाही. काच म्हणजे वावर, फडकं म्हणजे तिफण. आता दुसरी काच घ्या आणि तिच्यावर आडवे तास पाडा. दोन्ही काचा समोरासमोर धरा आणि मधे काही मायक्रॉनची फट ठेवून द्रवस्फटिक भरा. खालचे रेणू पूर्व-पश्चिम, वरचे दक्षिण-उत्तर. मधल्यांची अडचण होते. ते भांडत नाहीत, थोडे थोडे वळत जातात आणि खालून वर जाईपर्यंत नव्वद अंशांत फिरतात. दोन भावांच्या वाटणीत मधल्या शेजाऱ्याने कसं वागावं, याचा हा नमुना आहे. या रचनेला ट्विस्टेड नेमॅटिक म्हणतात. १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडात शाट आणि हेल्फ्रिश यांनी आणि अमेरिकेत फर्गसन यांनी ती मांडली.

या काचांच्या बाहेरून दोन ध्रुवक लावा, एक उभा, एक आडवा. एरवी आडव्या-उभ्या ध्रुवकांतून उजेड जात नाही. इथे जातो, कारण आत शिरलेला उजेड रेणूंच्या वळणाबरोबर वळतो आणि दुसऱ्या ध्रुवकाला हवा तसा होऊन बाहेर पडतो. आता काचांना दोनचार व्होल्टची वीज द्या. रेणू उभे राहतात, वळण जातं, उजेड अडतो. ठिपका काळा. वीज काढा, रेणू पुन्हा वळणावर येतात. ठिपका पांढरा. जगातल्या लाखो पडद्यांचं मर्म एवढंच आहे.

लक्षात ठेवायची गोष्ट: द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाही. आलेल्या उजेडाला वळण देतो, आणि तेही त्याला स्वतःला कुणीतरी फडक्याने लावलेलं असतं. नवशिक्याने या वाक्यावर थोडं थांबावं. मग पुढे जावं, कारण भट्टीचं बुकिंग दुपारी दोनपर्यंतच असतं.

पायरी पाचवी: पडदा आक्रसा

आता वरची सगळी रचना नखावर बसवायची. त्यासाठी खालची काच काढून टाका आणि तिच्या जागी सिलिकॉनची चकती ठेवा. तिच्यात मोबाइलच्या चिपसारखी परिपथांची जाळी असते आणि माथ्यावर ॲल्युमिनियमचे बारीक बारीक आरसे. एक आरसा म्हणजे एक पिक्सेल. प्रत्येकाला वेगळी वीज. वरून काच, मधे द्रवस्फटिक. याला एलकॉस म्हणतात, सिलिकॉनवरचा द्रवस्फटिक. उजेड समोरून येतो, द्रवस्फटिकातून जातो, आरशावर आपटतो आणि त्याच वाटेने परततो.

याचे दोन फायदे परीक्षेत विचारतात. एक: वायरिंग आरशांच्या खाली लपतं, म्हणून ठिपक्यांच्या मधे काळ्या रेघा फारशा उरत नाहीत. वावरात धुरे कमी, पीक जास्त. दोन: उजेड द्रवस्फटिकातून दोनदा जातो, म्हणून निम्म्या जाडीच्या थरात काम भागतं. रेणूंना वळायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी की वेळ पाव.

हिशेब करून पाहा. एक पिक्सेल ८ मायक्रॉनचा धरला, तर १९२० बाय १०८० चा पडदा साधारण साडेपंधरा मिलिमीटर रुंद आणि साडेआठ मिलिमीटर उंच भरतो. त्यात वीस लाखांवर आरसे. आता अंगठ्याच्या नखाकडे बघा. तुमची सहा वर्षं त्यावर मावतात.

जाडीचा प्रश्न इथे जिवावर येतो. दोन मायक्रॉनची फट सगळीकडे सारखी हवी. कमीजास्त झाली तर पावसाच्या डबक्यावर डिझेल सांडल्यावर दिसतात तसे रंगीत पट्टे पडद्यावर दिसतात. ते सुंदर दिसतात. तुम्ही सोडून सगळ्यांना आवडतात.

मग धूळ. हे काम क्लीनरूममध्ये चालतं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालायचा, डोळे तेवढे उघडे. 'क्लास १००' म्हणजे एका घनफुटात अर्ध्या मायक्रॉनपेक्षा मोठे शंभरावर कण नसलेली खोली. आपण कुठून येतो ते इथे आठवतं. कापसाचा एक तंतू बारा ते वीस मायक्रॉन जाड असतो. ज्याच्या जोरावर घर चाललं, शाळेची फी भरली, तो आपल्या वावरातला तंतू दोन मायक्रॉनच्या फटीत शिरला की आडवा ओंडका पडल्यासारखा होतो. सणाहून परतताना सदरा झटका. झटकून काही होत नाही, पण सवय चांगली आहे.

पायरी सहावी: रंग भरा

नखावर एका पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा असे तीन तुकडे पाडायला जागा नाही. म्हणून युक्ती करतात. आधी सगळा पडदा लाल चित्र दाखवतो, तेव्हा लाल एलईडी लागतो. मग हिरवं, मग निळं. सेकंदाला साठ चित्रं हवीत तर अशी १८० चित्रं दाखवायची. एकाच्या वाट्याला साडेपाच मिलिसेकंद, आणि त्यातच नवं चित्र भरणं, रेणूंनी वळणं आणि दिवा लागणं, तिन्ही उरकायचं. डोळा तिन्ही चित्रं एकत्र करतो, रंगीत भवरा जोरात फिरवल्यावर करतो तसंच. मान झटकन वळवली तर मात्र कडांवर लाल-हिरवं फुटलेलं दिसतं. लग्नातल्या शूटिंगवाल्यांना विचारा.

रेणू या घाईला पुरत नाहीत, हे लवकरच कळतं. तेव्हा दुसऱ्या जातीकडे वळावं लागतं. तिचं नाव फेरोइलेक्ट्रिक द्रवस्फटिक. १९८० मध्ये क्लार्क आणि लागरवाल यांनी ते अत्यंत पातळ थरात बांधून दाखवलं. ते मायक्रोसेकंदांत पलटतं, पण त्याला हो आणि नाही एवढंच येतं, 'थोडंसं' येत नाही. करडा रंग हवा तर हो-नाही-हो-नाही अशी वेळेची वाटणी करून तो भासवावा लागतो. शिवाय हा पदार्थ तालेवार. धक्का लागला की ओळ विस्कटते आणि आपली आपण सहसा लागत नाही.

आणखी एक पथ्य. वीज सतत एकाच बाजूने दिली तर द्रवातले भटके आयन एका काचेपाशी गोळा होतात आणि जुनं चित्र पडद्यावर भुतासारखं राहतं. रोज एकाच कुशीवर झोपलं की गादीला खड्डा पडतो, तसंच. म्हणून वीज आलटून पालटून द्यायची. साध्या नेमॅटिकला उलट-सुलट सारखीच. फेरोइलेक्ट्रिकला मात्र वीज उलटली की चित्रही उलटतं, पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. मग तेवढा वेळ दिवा विझवून ठेवतात. म्हणजे पडद्याचा निम्मा जन्म अंधारात उलटं चित्र काढण्यात जातो. गाईडला हे सांगायला गेलात तर ते म्हणतील, "तुमच्या पीएच.डी.सारखंच." हसा. हसणं अनिवार्य आहे.

पायरी सातवी: निराशा आल्यास

चौथ्या वर्षी निराशा येते. आली नाही तर नोंदणी तपासून घ्या. या वेळी एकच गोष्ट वाचावी.

शिवरामकृष्ण चंद्रशेखर, जन्म १९३०, सी. व्ही. रामन यांचे भाचे. नागपूर विद्यापीठातून १९५१ साली भौतिकशास्त्राची एम.एस्सी. पहिल्या क्रमांकाने. मग बेंगळुरूला मामांच्या संस्थेत स्फटिक उजेडाची दिशा कशी फिरवतात त्याची मोजमापं केली, आणि त्यावर १९५४ मध्ये नागपूर विद्यापीठाचीच डी.एस्सी. घेतली. पुढे इंग्लंड, मग म्हैसूर विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख, मग १९७१ पासून रामन संशोधन संस्थेत द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा.

तोवर सगळे धरून चालले होते की द्रवस्फटिक व्हायला रेणू काडीसारखा लांब हवा. १९७७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चपट्या चकतीसारखे रेणूही द्रवस्फटिक होतात, भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक रचले जातात. हे त्यांनी 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात छापलं, आणि जगाला ते शोधून वाचावं लागलं. पुढे अशाच चकत्यांच्या पातळ पटलांनी एलसीडीची एक जुनी खोड कमी केली, बाजूने पाहिलं की चित्र धूसर होण्याची. १९९१ मध्ये त्यांनी बेंगळुरूत द्रवस्फटिक संशोधन केंद्र उभारलं. १९९४ मध्ये रॉयल सोसायटीचं रॉयल मेडल मिळालं.

हे वाचून निराशा जात नाही. पण ज्या विद्यापीठाच्या नावाचा शिक्का तुमच्या अर्जावर तिरपा बसला आहे, त्याच विद्यापीठाची पदवी घेऊन एक माणूस याच वाटेने पुढे गेला, एवढं कळतं. शिक्का सरळ करून घ्या आणि कामाला लागा.

पायरी आठवी: प्रबंध लिहा

पाच प्रकरणं. पहिल्यात इतरांनी काय केलं, दुसऱ्यात तुम्ही काय करणार होता, तिसऱ्यात उपकरणं, चौथ्यात काय झालं, पाचव्यात ते तसं व्हायलाच हवं होतं याची कारणं. मग साम्य तपासणी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे. उरलेलं नव्वद टक्के आपलं आपल्याला लिहावं लागतं, ही पद्धत बरीच जाचक आहे.

आलेख काढताना रेघ सरळ आली तर घाबरा. तपासा. बहुधा तार निघालेली असते.

नेहमीचे प्रश्न

प्र. ओएलईडी आलं, आता द्रवस्फटिक संपलं ना?
उ. डोळ्याजवळच्या पडद्यांत ओएलईडी जोरात आहे, खरं आहे. पण ते स्वतःच जळून उजेड देतं. एलकॉसला उजेड बाहेरून देता येतो, हवा तेवढा प्रखर, म्हणून प्रोजेक्टरमध्ये आणि उन्हातही दिसायला हव्या अशा चष्म्यांत त्याला मान आहे. शिवाय फायबर केबलमधून येणाऱ्या उजेडाच्या वाटा बदलायलाही एलकॉस वापरतात. तुमचा व्हिडिओ कॉल कुठल्याशा अशाच नखावरून वळून आलेला असू शकतो.

प्र. नोकरी?
उ. पुढचा प्रश्न.

प्र. लग्न?
उ. मागचा प्रश्न.

प्र. घरी करून पाहता येईल असं काही?
उ. आहे. जुना कॅलक्युलेटर सुरू करा, त्यासमोर पोलराइज्ड गॉगल धरून फिरवा. एका कोनात सगळा पडदा काळा होतो. आकडे तिथेच असतात, तुम्हाला दिसत नाहीत. उधारीच्या वहीवर चालत नाही, करून पाहिलं आहे.

पायरी नववी: घरी दाखवा

तोंडी परीक्षा झाली, नावाआधी डॉक्टर लागलं. आता एक पायरी उरते, आणि तिच्याशिवाय पदवी घरात मानली जात नाही. एसटीने केळझरला उतरा. सोबत पहिल्या वर्षी केलेला पहिला तुकडा आणा: दोन काचा, मधे ५सीबी, दोन्हीकडे ध्रुवक, कडेने चिकटवलेलं. सिलिकॉनचा मौल्यवान पडदा प्रयोगशाळेतून बाहेर नेऊ देत नाहीत, हा कुणी मागत नाही.

मे महिना निवडा. दुपार असावी. लाइट गेलेली असावी, म्हणजे कूलर बंद आणि सगळे ओसरीवर. मोठे बाबा बाजेवर. त्यांच्या हातात काच द्या आणि अंगणाच्या उजेडाकडे धरायला सांगा.

"काळं आहे सारं," ते म्हणतील. "सा वर्षात हे केलं?"

बोलू नका. ओसरीतही पारा चाळिशीच्या वर आहे, आतली दिंडी मोडली आहे. काच त्यांच्या हातातून घ्या आणि माठाच्या ओल्या पोटाला लावून धरा. दोनतीन मिनिटं. या वेळात कुणीतरी गुडघ्याचं विचारेल. तेल सांगा. मग पुसून परत त्यांच्या हातात द्या.

काच आता लख्ख उजळलेली असेल.

"आता कसं आलं?"

"उन्हानं आतली ओळ मोडली होती मोठे बाबा. पण काच घासली होती ना, ते तास मोडत नाहीत. गार झालं की तिथंच, तशीच ओळ लागते परत."

ते काच वरखाली करून पाहतील. उन्हात ती हळूहळू पुन्हा काळी पडायला लागेल, मग ते स्वतः उठून ती माठाला लावतील, तुम्हाला न विचारता. पुन्हा उजळेल. आई दारात उभी राहून पाहत असेल. काच पुसायला सहा वर्षं कशाला लागतात, हे ती आता विचारणार नाही. एवढं यश पुरे समजावं.

तिसऱ्या खेपेनंतर मोठे बाबा काच खाली ठेवतील, माठाकडे बघतील, तुमच्याकडे बघतील.

"मंग यातला डॉक्टर कोण म्हणाव? तू का माठ?"

उत्तर देऊ नका. प्रश्न वहीत टिपून ठेवा. गावातून पुढच्या वर्षी आणखी कुणीतरी नोंदणी करेल, त्याला विषय लागेल.